कानाची वस्तू

हेडफोन या वस्तूला मराठीत अजून सरळसा शब्द मिळालेला नाही, आणि मी मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे या गोष्टीचे मला दुःख व्हावे, अशी पुष्कळांची अपेक्षा असते. आमच्या स्टाफरूममध्ये संस्कृतच्या एका सहकाऱ्यांनी मोठ्या विचाराअंती ‘शिरःश्रवणी’ हा शब्द सुचविला होता. तो ऐकून मला अर्धशिशी आठवली. दुसऱ्या एकांनी ‘कर्णफूल’ म्हटले. पण कर्णफुले घालून बाजारात जाणे माझ्या वयाला शोभणारे नाही. अखेर हा पेच सोडविला तो लोणावळ्याच्या एका भंगारवाल्याने. त्याचा फोन येतो तेव्हा तो नमस्कार-चमत्कारात वेळ घालवीत नाही. “सर, कानाची वस्तू आलीय,” एवढेच म्हणतो. गेली बारा-तेरा वर्षे हे चार शब्द कानी पडले, की मी पेपर तपासणे तसेच टाकून निघतो.

कारण मी जुने हेडफोन जमवितो. जमवितो, उघडतो, दुरुस्त करतो आणि, संग्राहकांनी क्षमा करावी, त्यांच्यात फेरफारही करतो. आजमितीस माझ्या कपाटात एकेचाळीस आहेत. “कान दोनच आहेत ना हो तुम्हाला?” असे घरात अधूनमधून विचारले जाते. प्रश्न बिनतोड आहे. पण घरात माणसे पाच आणि वाट्या अठ्ठावीस, यावर मी कधी बोललो आहे का?

हा नाद मला फुकटात लागला. एका कॉलेजातली जुनी भाषा-प्रयोगशाळा मोडीत निघाली होती. टेपवरचे उच्चार मुलांनी कानाला लावून ऐकायचे आणि तसेच म्हणायचे, अशी ती व्यवस्था. खोकेभर काळे, जाडजूड हेडफोन व्हरांड्यात पडले होते. त्यांतला एक मी उचलून घरी आणला. त्याचा डावा कान बोलत होता आणि उजवा मुका होता. रविवारची दुपार होती, हाताशी स्क्रू-ड्रायव्हर होता. झाकण फिरविले आणि आत डोकावलो. तो डोकावलेला मी अजून बाहेर आलेलो नाही.

जुन्या हेडफोनच्या पोटात फार थोडे असते. एक लोहचुंबक, त्याच्या टोकांवर केसाहून बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी, आणि त्यांच्यासमोर जेमतेम कागदाएवढी फट ठेवून बसविलेली लोखंडाची पातळ चकती. तारेतून आवाजाच्या लहरी आल्या, की चुंबकाची ओढ कमी-जास्त होते, चकती थरथरते आणि आपल्याला शब्द ऐकू येतात. यात मला खरे नवल वाटले ते त्या चुंबकाचे. गुंडाळीतून वीज गेली की तिचेच चुंबक बनते. मग हा आणखी एक कायमचा चुंबक कशाला? तर तो नसेल, तर चकती लहरीच्या पुढच्या अर्ध्यातही आत ओढली जाते आणि मागच्या अर्ध्यातही आतच ओढली जाते. एका हेलकाव्याला ती दोनदा हलते. म्हणजे पलीकडे गवयाने षड्ज लावला, तर अलीकडे आपल्याला तारषड्ज ऐकू येईल! कायमचा चुंबक चकतीला आधीच थोडी ओढून धरतो, म्हणूनच ती लहरीबरोबर पुढेही जाते आणि मागेही येते. जुन्या हेडफोनच्या दोरीत एका बाजूला रंगीत धागा विणलेला असे, तोही याच चुंबकाच्या काळजीपोटी. व्हॉल्व्हच्या सेटमधली वीज उलट्या दिशेने गेली, तर चुंबक हळूहळू दुबळा होतो. तेव्हा जोडणाऱ्याने धागा पाहून टोक जोडावे, एवढीच ती खूण.

हे सारे मी वाचून आणि उघडून शिकलो; आणि वाचता वाचता या वस्तूचा इतिहास कळत गेला, तो एखाद्या कादंबरीसारखाच निघाला. १९१० साली अमेरिकेतल्या युटा राज्यात नॅथॅनिएल बाल्डविन नावाचा एक गृहस्थ आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर हेडफोन बनवीत होता. तिथल्या आरमाराला त्याचा नमुना इतका पसंत पडला, की त्यांनी भराभर मागणी नोंदविली. पण एका वेळी दहाच्या वर माल देणे बाल्डविनला जमेना, कारण कारखाना म्हणजे तेच स्वयंपाकघर. असे सांगतात, की त्याला ही कल्पना सुचली ती प्रार्थनामंदिरातले प्रवचन नीट ऐकू येत नसे म्हणून. मला ही हकीकत आवडते. म्हणजे या वस्तूचा जन्म गाण्याच्या हौसेतून झालेला नाही. बोललेला शब्द कळावा, या तळमळीतून झाला आहे.

आपल्याकडे मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, तेव्हा बेताच्या पैशांतला श्रोता हेडफोनवालाच होता. स्फटिकाचा सेट सर्वांत स्वस्त. रेडिओलहरी पकडण्याच्या कामी गॅलिना या स्फटिकाचा उपयोग करण्याचे पेटंट आपल्या जगदीशचंद्र बसूंना १९०४ मध्ये मिळालेले होते. या सेटला ना वीज लागे, ना बॅटरी. हवेतून जेवढी शक्ती येई, तेवढीच चकती हलवायला. म्हणून गुंडाळीला तारेचे हजारो वेढे असत आणि पाठीवर २००० किंवा ४००० ओहम असा आकडा छापलेला असे. ऐकणारे दोघे असले, की जोडीचा एकेक कान वाटून घ्यायचा. जास्त असले, तर हेडफोन चिनी मातीच्या खोलगट भांड्यात ठेवायचा आणि भांड्याभोवती सर्वांनी डोकी जमवायची. ही युक्ती त्या काळी देशोदेशी चाले.

घाटावर लोणावळ्याला मात्र स्फटिकाने भागण्यासारखे नव्हते; मुंबईपासून इतक्या दूर व्हॉल्व्हचा सेटच हवा. तो असे मुंबईच्या धनिकांनी लोणावळ्या-खंडाळ्याला बांधलेल्या बंगल्यांतून. ते बंगले आता एकामागून एक पडताहेत आणि त्यांच्या जागी हॉटेले उठताहेत. बंगला पडण्यापूर्वी त्याचे सामान निघते. सागवानी पलंग आणि झुंबरे मुंबईला परत जातात, आणि माळ्यावरचे तुटके पेटारे आमच्या भंगारवाल्याकडे येतात. माझ्या कपाटातल्या निम्म्या वस्तू अशा घाट चढून आलेल्या आणि परत न गेलेल्या आहेत. उरलेल्या निम्म्या मुंबईच्या चोरबाजारातल्या आणि पुण्याच्या जुन्या बाजारातल्या.

पुढच्या काळातले नमुनेही माझ्याकडे आहेत. १९३७ साली बर्लिनला बायर कंपनीने डीटी ४८ काढला. त्यात लोखंडी चकतीऐवजी पडद्याला चिकटलेली गुंडाळीच हलू लागली आणि संगीत ऐकण्याजोगे झाले. १९५८ मध्ये अमेरिकेत जॉन कॉसने स्टीरिओ ऐकण्यासाठी हेडफोन बाजारात आणला. १९६८ मध्ये जर्मनीच्या सेनहायझरचा एचडी ४१४ आला. त्याची पाठ उघडी होती, कानाला फक्त स्पंज टेके, आणि बाहेरच्या माणसाची हाकही ऐकू येई. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला आणि ऐकणे ही चालताचालता एकट्याने करावयाची गोष्ट झाली. आज आमच्या पुणे-लोणावळा लोकलमध्ये डबाभर मुलांच्या कानांत पांढरी बोंडे असतात. या लाइनीवर कान्हे नावाचे स्टेशन आहे. तिथे गाडी थांबली तरी कुणाला ऐकू येत नाही.

मुलांवर मी रागावत नाही. फक्त एवढे सांगतो, की जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जो दंडक सुचविला, त्यात मोठ्या माणसाने आठवड्याला ८० डेसिबलचा आवाज ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये असे आहे. आवाज वाढला, की हे तास झपाट्याने कमी होतात. मुले ऐकून घेतात. निदान ओठ हलताना पाहतात.

जमविण्यापेक्षा कठीण आहे ते टिकविणे. आणि लोणावळ्यात तर फारच. इथे वर्षाला सरासरी ४००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पंचवीस-तीस किलोमीटर पूर्वेला, तळेगावला, तो तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येतो; म्हणजे पाऊस आमच्याकडे घरजावई आणि तिकडे पाहुणा. जून ते सप्टेंबर कातड्यावर बुरशी चढते, तांब्यावर हिरवा थर येतो, स्पंजाचा चुरा होतो. पूर्वी लोक कपाटात चाळीस वॅटचा दिवा रात्रंदिवस पेटता ठेवीत. आताचे एलईडी दिवे प्रकाश देतात. कपाट कोरडे ठेवील एवढी ऊब देत नाहीत. म्हणून जुन्या हेडफोनांबरोबर जुन्या तारेच्या दिव्यांचाही मला शोध घ्यावा लागतो. एका नादाच्या पोटात दुसरा नाद असतो, तो असा.

आता फेरफारांविषयी. हेडफोनच्या वाटीत आवाज भिंतींवर आपटून घुमतो. तो शोषायला आत काहीतरी मऊ लागते. परदेशी हौशी लोक त्यासाठी लोकरीचा नमदा वापरतात. मी जुन्या घोंगडीचे तुकडे वापरतो. मावळातल्या पावसात पन्नास वर्षे डोक्यावर राहिलेल्या घोंगडीला दमटपणाचे भय ते काय! कानाच्या गाद्या कामशेतला चपला शिवणारे एक कारागीर मऊ मेंढीच्या कातड्यात शिवून देतात. पहिल्यांदा त्यांनी विचारले होते, “सर, हा कुठल्या पायाचा नंबर?” चार हजार ओहमचा हेडफोन आजच्या यंत्राला जोडला तर कुजबुजतो, त्यासाठी जुन्या व्हॉल्व्ह-रेडिओतला आउटपुट ट्रान्स्फॉर्मर उलटा जोडायचा, की तो मोकळेपणाने बोलू लागतो. हे ट्रान्स्फॉर्मर बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास चिकाटीने विचारीत फिरले, तर अजून एखादा हाती लागतो.

या फेरफारांवरून माझे पुण्यातल्या एका संग्राहक स्नेह्यांशी भांडण आहे. त्यांच्या मते वस्तू आली तशी ठेवावी. तुटलेली दोरी तुटकीच राहू द्यावी, मुका कान मुकाच. “तुम्ही हात लावला, की ती तुमची होते, मग तिच्या काळाची राहत नाही,” असे ते म्हणतात. हे म्हणणे मला खोटे वाटत नाही. पण मी पडलो मराठीचा शिक्षक. मला हा वाद हेडफोनपेक्षा जुना दिसतो. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे नाना पाठ पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली, ती ग्रंथ लोकांना नीट वाचता यावा म्हणून. पुढे १९०९ मध्ये राजवाड्यांनी नाथांपूर्वीची म्हणून एक पोथी छापली, ती मूळ शब्द जसाच्या तसा हाती यावा म्हणून. दोघांचेही प्रेम एकाच ग्रंथावर. माझे स्नेही राजवाड्यांच्या पक्षातले आणि मी, लहान तोंडी मोठा घास, नाथांच्या. मात्र एक पथ्य मी कसोशीने पाळीत आलो. जो फेरफार करावयाचा, तो मागे घेता आला पाहिजे. काढलेला प्रत्येक भाग पुडीत बांधून, वर तारीख घालून ठेवायचा. या पथ्यामुळे माझ्या स्नेह्यांचा राग निम्म्यावर येत असे.

या पथ्याचा खरा अर्थ मला कळला तो गेल्या दोन वर्षांत, माझ्या वडिलांमुळे.

अण्णांना ऐंशी पूर्ण झाली आहेत. सारी नोकरी रेल्वेत, असिस्टंट स्टेशनमास्तर म्हणून, घाटातल्या आणि मावळातल्या स्टेशनांवर. त्यांच्या तरुणपणी सेक्शनमधली सारी स्टेशने एका तारेवर जोडलेली असत. दूर कंट्रोलमध्ये बसलेल्या माणसाच्या डोक्यावर हेडफोन असे, आणि इकडे प्रत्येक मास्तर रिसीव्हर उचलून आपल्या स्टेशनचे नाव सांगून गाडीची वेळ देई. श्रावणात तारेवर एवढी खरखर असे, की नवख्याला त्यातून एक अक्षर कळत नसे; आणि चुकीचे ऐकून चालण्यासारखे ते काम नव्हते. अण्णांना कळे. “खरखर ऐकायचीच नाही. तिच्या मागचा माणूस ऐकायचा,” असे ते सांगत.

त्या कानांना आता माणूस ऐकू येईना. सुरुवातीला घरात गमती झाल्या. आई विचारी, “भात वाढू का?” आणि अण्णा घड्याळाकडे पाहून म्हणत, “नाही, पावणेआठ.” आम्ही हसत असू. तेही हसत. मग आई मोठ्याने बोलू लागली, मग आम्ही सगळेच. बाहेरून येणाऱ्याला वाटावे, या घरात सदा भांडणे चालतात. पुढे अण्णा हसेनासे झाले. नंतर बोलेनासे झाले. चुकीचे उत्तर देण्यापेक्षा उत्तर न देणे त्यांनी पत्करले. जेवण झाले की खुर्ची खिडकीकडे वळवून बसत.

डॉक्टरांनी कानांची तपासणी करून आलेख काढला. डावीकडे खर्जाचे आवाज, उजवीकडे वरच्या पट्टीचे. अण्णांनी तो कागद हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, “ही तर आपली लाइन. पुण्याहून खंडाळ्यापर्यंत ठीक, पुढे घाट.” खरोखर तसेच होते. कर्जतच्या घाटात सदतीस फुटांना एक फूट उतार आहे; अण्णांचा त्याहूनही उभा. डॉक्टरांनी समजावून सांगितले, की म्हातारपणी वरच्या कंपनांचे आवाज आधी जातात. भाषेतले स्वर बहुतांशी खालच्या कंपनांचे, ते राहतात. व्यंजने वरच्या कंपनांची, ती जातात.

मराठी शिकविणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटले असेल, याची तुम्ही कल्पना करा. सात, हात, भात, रात: स्वर चारही शब्दांत तेच. वेगळेपण सारे पहिल्या व्यंजनात. म्हणजे अण्णांना आम्ही बोलतो हे ऐकू येत होते, काय बोलतो हे कळत नव्हते. आणि आम्ही ओरडत होतो, तेव्हा स्वरच तेवढे मोठे करीत होतो.

डॉक्टरांच्या सल्ल्याने कानामागे लावायचे श्रवणयंत्र घेतले. ते चांगले आहे आणि बाहेर जाताना अण्णा ते लावतात. पण घरात त्याची बारीक बटणे त्यांच्या बोटांना सापडत नाहीत आणि चार माणसे एकदम बोलली, की ते काढून ठेवतात. मुलीने हौसेने तिचा नवा हेडफोन त्यांना दिला. तो आजच्या आवडीप्रमाणे खर्ज उचलून धरणारा. अण्णांना त्यात ढोल तेवढा ऐकू आला.

तेव्हा मला कपाट आठवले. जुना लोखंडी चकतीचा किंवा जिभेचा हेडफोन संगीताला वाईट, असे आम्ही हौशी लोक म्हणतो; कारण त्यात खर्ज जवळजवळ नसतो आणि हजार ते तीन हजार कंपनांच्या मध्ये तो उगाच किंचाळतो. पण बोलण्यातले नेमके तेवढेच अण्णांना हवे होते! खर्ज फार झाला की तो वरच्या आवाजांना झाकून टाकतो. तो कमी झाला की व्यंजने मोकळी होतात. जो दोष घोंगडीच्या तुकड्यांनी मी वर्षानुवर्षे दाबीत होतो, तो दोष नव्हताच. ती वस्तू शब्दांसाठी बनली होती.

माझ्याजवळ लंडनच्या एस. जी. ब्राउनचे ‘टाइप ए’ हेडफोन दोन होते, दोन्ही चार हजार ओहमचे. या नमुन्यात ॲल्युमिनियमचा लहानसा शंकू एका लोखंडी जिभेला जोडलेला असतो आणि प्रत्येक कानाच्या पाठीवरचा स्क्रू फिरवून चुंबकाची फट कमी-जास्त करता येते. अण्णांचे दोन कान दोन तऱ्हेचे. त्यांना याहून सोयीचे काय असणार? एक जोडी चोरबाजारातली, तिचा उजवा कान मेलेला. दुसरी खंडाळ्याच्या एका बंगल्यातून आलेली, मूळ खोक्यासकट, मूळ दोरीसकट, जणू कुणी कधी लावलीच नाही अशी. माझ्या स्नेह्यांनी ती पाहिली, तेव्हा ते दोन मिनिटे काही बोलले नव्हते.

पहिल्या जोडीचा डावा कान मी अण्णांना लावला, स्क्रू फिरविला आणि आकाशवाणीवरच्या मराठी बातम्या लावल्या. अण्णांनी हात वर करून मला थांबविले. बातमी संपेपर्यंत हात तसाच होता. मग म्हणाले, “बाई स्वच्छ बोलते.”

उजव्या कानासाठी गुंडाळी नव्याने भरून घेण्याचा प्रयत्न केला. पण ती तार इतकी बारीक, की पंख्याच्या मोटारी भरणाऱ्या कुशल हातांतही ती तीनदा तुटली. उपाय एकच उरला होता. खोक्यातल्या जोडीचा उजवा कान काढायचा.

फोनवर स्नेह्यांना मी आधी सांगितले. ते म्हणाले, “जोडी फोडू नका. शंभर वर्षे एकत्र राहिली आहे.” मी म्हणालो, कान परत जोडता येतो, माझे पथ्य मोडत नाही. हे बोलून फोन ठेवला आणि मग माझ्या ध्यानात आले, की परत जोडता येतो हे खरे. पण तो परत जोडण्याचा दिवस कोणता असेल? त्या दिवसाची वाट पाहत कोणी वस्तू जपत नाही. त्या रात्री मी कान काढला, पुडी बांधली नाही आणि तारीखही घातली नाही.

मग कामशेतच्या कारागिरांनी रुंद, मऊ गाद्या शिवल्या. डोक्यावरची पट्टी वाकवून सैल केली, तिला घोंगडी गुंडाळली. बॅटरीवर चालणारा लहानसा ॲम्प्लिफायर मी डब्यात बसविला, त्याला उलटा ट्रान्स्फॉर्मर जोडला आणि आवाज एका मर्यादेपलीकडे उसळू नये म्हणून दोन डायोड उलटसुलट टाकले. डॉक्टरांना दाखविले, त्यांनी आवाज मोजून मान हलविली. डब्याला दोन वाटा ठेवल्या, एक रेडिओची आणि एक छोट्या मायक्रोफोनची. तो मायक्रोफोन जेवणाच्या टेबलावर आईच्या ताटाशेजारी असतो.

आईला आधी संकोच वाटला. बावन्न वर्षे ज्या माणसाशी बोलली, त्याच्याशी यंत्रातून काय बोलायचे? दोन दिवस तिने मायक्रोफोनला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मी वर्गावरून घरी आलो, तेव्हा अण्णा हेडफोन लावून खिडकीपाशी बसले होते आणि स्वयंपाकघरातून आई मायक्रोफोन हातात धरून हळू आवाजात म्हणत होती, “अहो मळवली, चहा टाकू का?”

“लाइन क्लिअर,” अण्णा म्हणाले.

ओरडणे थांबल्यावर आमचे घर किती लहान आहे, हे आम्हाला पुन्हा कळले. अण्णा आता उत्तरे देतात. कधीकधी न विचारलेल्या प्रश्नांचीही. स्नेही मध्यंतरी लोणावळ्याला येऊन गेले. अण्णांच्या डोक्यावरचा हेडफोन त्यांनी बराच वेळ पाहिला, आणि निघताना कपाटातल्या त्या एककानी जोडीचे खोके मागून घेतले. “माझ्याकडे ठेवतो. इथे बुरशी येईल,” म्हणाले. मी दिले. त्यांच्याकडे ते कोरडे राहील.

रात्री साडेदहाच्या सुमारास अण्णा हेडफोन काढून रेडिओवर ठेवतात. बाहेर पाऊस असतो. पुढे काही वेळाने खंडाळ्याच्या बाजूने जमीन हलल्यासारखा एक जाड, खोल आवाज येतो, आणि अण्णा अंधारातच सांगतात, “मालगाडी आहे. मागे बँकर लागलेत.” गाडी ऐकायला त्यांना काही लावावे लागत नाही.